मामांनी लिहिलेला पंचनामा

आमच्या थोरल्या मामांसमोर साक्षात यमराज उभा राहिला, तरी मामा आधी त्याच्याकडे लेखी हुकूम मागतील, आणि त्याने तो आणला नसेल तर त्याला बसवून घेऊन स्वतःच लिहून देतील, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. उभी हयात तहसील कचेरीत कारकुनी करून ते निवृत्त झाले, आदिलाबादजवळ मावल्यात घर बांधलं, पण अंगातली कचेरी काही गेली नाही. दूध पातळ आलं की दूधवाल्याचा जबाब दोन प्रतींत होतो, एक त्याला आणि एक मामांच्या फायलीत. माझ्या लग्नात वरात उशिरा आली, तेव्हा भर मांडवात त्यांनी नवरदेवाकडून उशिराचं कारण लिहून घेतलं होतं. ते फायलीत अजून आहे, आणि आमच्या घरात भांडण पेटलं की मी त्याची आठवण काढते.

काही वर्षांपूर्वी एका उन्हाळ्यात मामा गुडीहत्नूरला गेले होते. तिथे हायवेलगत एक बंद पडलेला धर्मकाटा होता, भरलेला ट्रक तोलतात तो. भर सकाळी अकरा वाजता चार माणसं क्रेन अन् ट्रक घेऊन आली आणि तो अवाढव्य लोखंडी काटा उपसू लागली. लोक कौतुकाने बघत उभे. एकट्या मामांनी विचारलं, कागद कुठे आहे? कागद आदिलाबादेत राहिला, असं त्यांतला एक जण खाली मान घालून म्हणाला. दुसऱ्या कुणाला संशय आला असता, मामांना दया आली. चहाच्या टपरीवर बसून त्यांनी झकास पंचनामा लिहिला, स्वतः वाकून बघून ट्रकचा नंबर टाकला, चौघांच्या सह्या घेतल्या, खाली साक्षीदार म्हणून आपली ठोकली आणि एक प्रत खिशात घातली. जाताना चोर त्यांच्या पाया पडले म्हणे.

दुसऱ्या दिवशी बोभाटा झाला. ठाण्यात मामांना दोन तास बसवून ठेवलं. पण त्यांच्याच प्रतीवरच्या नंबराने ट्रक सीमेपलीकडे महाराष्ट्रात सापडला आणि काटा परत आला. तरी गावाला हसायला निमित्त मिळालंच. येणारा-जाणारा विचारी, मामा, आमचाही पंचनामा करता का?

मी वांकिडीहून त्यांचं सांत्वन करायला गेले. वांकिडीच्याच शाळेत मी शिकवत होते, आणि ज्युनियर कॉलेजातल्या लेक्चररच्या परीक्षेचा अभ्यास तीन वर्षं करून एकदाही फॉर्म भरला नव्हता. कधी मुलाचा ताप, कधी नवऱ्याची बदली, सबबींना तोटा नव्हता. त्या वर्षीही फॉर्म भरायला दोनच दिवस उरले होते. मामा मात्र खजील वगैरे काही नव्हते, उलट चोरांच्या हिमतीवर खूश होते.

"काऊन वं पोरी, फारम भरला?"

नाही भरला, मी म्हणाले. निवड नाही झाली तर लोक हसतील, हेही त्या दिवशी पहिल्यांदा बोलून गेले.

"ज्यायच्या बापाचा काटा नोता, ते भरदिवसा न्याले आले. तुयी तं शिकलेली इद्या हाये, तुले कायची लाज?" मग म्हणाले, "अन् लोक मले हासूनच राह्यले ना? मेलो का मी?"

त्याच संध्याकाळी त्यांच्यासमोर बसून मी फॉर्म भरला. माझी निवड झाली. आज जी काही आहे ती या माणसामुळे, हे सांगायला मला संकोच नाही.

कॉलेजात रुजू व्हायच्या दिवशी मामा सोबत आले. आदल्या रात्री मामीने मला सांगितलं होतं, की तरुणपणी मामाही बढतीची परीक्षा पास झाले होते, पण जमलं नाही तर लोक काय म्हणतील म्हणून हजर व्हायला गेलेच नाहीत. मी हजेरीपटावर सही केली. मामा दाराशीच उभे होते. आत या म्हटलं, तर मानेनेच नको म्हणाले.

"मी नाई गेलो वं पोरी तवा," ते हळूच म्हणाले. "तू बस."

मी खुर्चीत बसले, आणि बराच वेळ मला समोरचं काही दिसेना.