रिबकाबाईंचं दार

रिबकाबाई घरात शिरताना दाराचा मुका घ्यायच्या. म्हणजे चौकटीवर तिरकी ठोकलेली बोटभर डबी दोन बोटांनी शिवायची आणि ती बोटं ओठांना लावायची. मी तेव्हा भोरला नुकती लग्न होऊन आलेली, स्वतःला फार हुशार समजणारी. शेजारच्या बाईंनी डबीत भूत कोंडलंय, असं मी सासूबाईंना छातीठोक सांगितलं होतं. पुढे एकदा बाईंनाच विचारलं, तर म्हणाल्या, “देवाचं नाव आहे गं आत. भूत असतं तर तुला आधी धरलं असतं.”

बाई नर्स. वेल्ह्याच्या डोंगरातली कितीतरी पोरं त्यांच्या हातांवर जगात आली. अडलेल्या बाईला त्या सांगायच्या, “भ्यायला हरकत नाही, काम थांबता कामा नये.” त्या कोकणातल्या बेने इस्राएल, मराठी बोलणाऱ्या ज्यू. वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बैल सोडून द्यायचे, म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणत.

निवृत्तीनंतर बाईंना पडद्याचा नाद लागला. पुण्याचा भाचा पेनड्राइव्हवर आपल्या लोकांचे सिनेमे भरून द्यायचा. दरवर्षी एकदा आमच्या आळीच्या सभागृहात चादर बांधून बाई ते दाखवायच्या. कोकणातली हळद, मलिद्याचं, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांचं ताट, हिरव्या बांगड्या भरलेल्या आज्या, दूरदेशीच्या ज्यूंची लग्नं. परकी भाषा आली की पडद्याशेजारी उभ्या राहून मराठीत सांगायच्या. पासलीची हौसाबाई चार बायका घेऊन एसटीनं यायची. तिची तिन्ही बाळंतपणं बाईंनी केलेली. बटण दाबायचं काम माझं, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका.

एका वर्षी खेळाला तीन दिवस उरले असताना बाईंना फोन आला. गडी माणसाचा, अनोळखी आवाज. शेजारी बसलेल्या मलाही ऐकू आला. “ओ बाई, ते पडद्याचं बंद करा. एकट्या राहता तुम्ही, आम्हाला माहितंय.” बाईंनी फोन ठेवला आणि चहा गाळायला घेतला. निम्मा कपाबाहेर गेला. पोलिसांत कळवून आल्या. तिथं नंबर लिहून घेतला, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, “शालन, आज सांज झाली की माझं दार बंद होईल. उद्या दिवसभर वाजवू नकोस.” मी सगळं उमगल्यासारखी मान हलवली. पन्नाशी उलटली होती, पण माहीत नाही म्हणायची लाज अजून जात नव्हती. बाई भ्यायल्या, आता पडदा होत नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

सकाळी दुधाची पिशवी दारातच. अकराला तिथंच. फोन बंद. मी हळूच दार वाजवलं. आत काही नाही. एकट्या राहता तुम्ही, हे कानात घुमत होतं. रात्रीत कुणी येऊन गेलं असेल तर? मी शेजारी असून झोपलेली! दार फोडायला माणूस आणायला निघाले, तेवढ्यात हौसाबाई समोर. मुक्कामाला एक दिवस आधीच आलेली.

“कडी आतनं हाय का भाईरनं?” तिनं विचारलं.

ते मी पाहिलंच नव्हतं. कडी आतून होती. तिनं फळीला कान लावला आणि मला खाली बसवलं. “गुणगुणत्यात. देवाचं चाललंय त्यांचं. बस गप.”

तरी भीती जाईना. येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गड्याच्या हाताकडे मी बघत होते. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. आकाशात चांदण्या दिसल्या तेव्हा कडी निघाली. पांढऱ्या साडीत, दिवसभराच्या उपासानं सुकलेल्या बाई. त्यांचा दारफाळणीचा सण होता. दार लावून, कुणाचं तोंड न बघता देवापुढे बसायचं. दरवर्षी तो त्या भाच्याकडे करायच्या, यंदा गुडघ्यामुळे इथंच. आणि दुसरा दिवस शिळा सण, माणसांना भेटायचा. पडदा त्या दिवशीच का, हे इतक्या वर्षांत मी विचारलं नव्हतं.

“मला वाटलं, त्या फोनला भिऊन...” मी म्हणाले.

“भिते ना. परवा चहा सांडला तो काय उगाच?” बाई म्हणाल्या. “पण कडी देवासाठी घालायची, शालन. माणसाच्या धाकानं नाही.”

दुसऱ्या दिवशी खेळ झाला. उजेडानं चित्र फिकट दिसत होतं, तरी बाईंनी सभागृहाची दोन्ही दारं सताड उघडी ठेवली. घाण्याचं चित्र चालू असताना दोन अनोळखी माणसं दारात येऊन उभी राहिली. माझं बोट बटणावरच गोठलं. बाई एक शब्द न चुकता बोलत राहिल्या. थोड्या वेळानं बघितलं तर दारात कुणी नव्हतं. कोण होते, अजून माहीत नाही.

बाई जाऊन दोन पावसाळे झाले. भाच्यानं त्यांना कोकणात, त्यांच्या माणसांत मूठमाती दिली आणि पेनड्राइव्ह माझ्या हातात ठेवला. तेव्हापासून पडदा मी लावते. गेल्या आठवड्यात मला फोन आला. आवाज वेगळा, बोलणं तेच. मी फोन ठेवला. पोलिसांत जाऊन नंबर तेवढा दिला. मग हौसाबाईला कळवलं, की पडदा आहे, आणि चादर धुवायला काढली. पिळताना दोन वेळा हातातून निसटली. तशीच वाळत घातली.