डावीकडून उघडलेली वही

माझं अक्षर गिचमिड आहे आणि ऱ्हस्वदीर्घ मला नीट कळत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. आमच्या शेजारच्या पेंटरचाचांविषयी लिहायचं आहे.

"डरू नक्को बेटी, कागद हाय," असं म्हणूनच ते चित्र दाखवायचे. आधी कागद छातीशी धरायचे, मग हळूच वळवायचे.

येडशीला स्टेशनाजवळ माझं सासर आणि भिंतीला भिंत लागून त्यांची पत्र्याची खोली. निजामाचं राज्य गेलं आणि दुकानांवरच्या उर्दू पाट्या मराठीत व्हायला लागल्या. चाचांना मराठी अक्षरं काढता यायची, वाचता यायची नाहीत. लिहून दिलेलं हुबेहूब उतरवायचे आणि पाटी आमच्या खिडकीशी आणून धरायचे.

"बराबर हाय का, बेटी?"

मी आतूनच सांगायची, "चाचा, किराणाचा शेवटचा काना राहिला." परक्या पुरुषाशी माझं बोलणं तेवढंच.

उरलेल्या रंगात ते भीतीची चित्रं काढत. लढाईत सिंगापूरकडं ते जपान्यांच्या कैदेत होते. तिथल्या एका पहारेकऱ्याजवळ भुतांच्या चित्रांचं पुस्तक होतं. "बोली कळंना," चाचा सांगायचे, "पण पान आमच्या उर्दूवाणी उजवीकडून उलटायचं. घरच्यासारखं वाटलं." तेव्हापासून हा नाद.

त्यांच्या भुतांना शिंगं नसत. खुंटीवर लुगडं वाळत असे आणि लुगड्याखाली दोन ओले पाय. रांजणाचं झाकण बोटभर सरकलेलं, फटीतून केस. "भुताला दात काढले तर पोरं हसत्यात," ते म्हणायचे. "झाकण जरा सरकवलं की मोठी माणसं गप होत्यात." ते चित्र बघितल्यावर मी दोन दिवस रांजणात हात घातला नव्हता.

एकदा त्यांनी खिडकीच्या गजांतून एक शिवलेली वही आत दिली. या वेळी "डरू नक्को" म्हणाले नाहीत. "पुरी बघ, मग सांग."

मी उघडली. काळं पाणी, त्यावर गोलात गोल तरंग, बघताना डोकं गरगरावं असे. पुढच्या पानावर तरंगांत केस. मग एक हात. मग विहिरीच्या काठावर वाकलेली सात-आठ वर्षांची पोर. मग वाटेवर घागर घेतलेली तीच, आणि शेवटी घराच्या दारात उभी.

मी म्हणाले, "चाचा, ह्या वेळी भीती नाही वाटली. पोर पाण्यातून निघून घरी आली की."

त्यांनी वही मागून घेतली आणि दाखवायला आणलेली पाटी तशीच ठेवून गेले.

सासूबाईंनी ऐकलं होतं. "चार बुकं शिकलीस अन् हे वाचलंस व्हय? त्यांची वही उजवीकडनं चालती. पोर घरनं निघाली अन् विहिरीत गेली. त्यांचीच लेक ती. हे तिकडं कैदेत, तोंडसुदीक बघाया मिळालं न्हाय."

माफी मागायची तर त्यांच्या दारात जायला हवं, ते धाडस नव्हतं. आठ दिवस मी खिडकी लावून बसले.

नवव्या दिवशी खिडकी वाजली. चाचा तीच वही घेऊन उभे होते. तिच्या एका पुठ्ठ्यावर उर्दूत काही लिहिलेलं होतं. आता त्यांनी ती पालथी केली. आपलं मराठी पुस्तक जिथून सुरू होतं, त्या पुठ्ठ्यावर पाटीच्या लाल रंगात लेकीचं नाव काढलं होतं, शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेऊन. रंग अजून ओला होता.

"बराबर हाय का, बेटी?"

मी एकेक अक्षर बघितलं. काना, वेलांटी, सगळं जागेवर होतं. पहिल्यांदाच मी दार उघडून बाहेर आले.

"बराबर आहे, चाचा."

"मग तुझ्यापाशीच ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "माझ्या हाताला उजवीकडूनच उघडायची सवय हाय."

पुढच्या वर्षी ते एका दुकानाची पाटी रंगवायला एस.टी.नं भूमला गेले आणि तिथंच आजारी पडून वारले. खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं.

वही माझ्या ट्रंकेत आहे. मी ती डावीकडूनच उघडते.