आरतीचा राग

आमच्या शेजारच्या आरतीला रागीट म्हणणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. दहावीतली पोर. पाथर्डीकडच्या आमच्या गावात दसरा झाला की निम्मी घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. आई-बाप गेले की धाकट्या भावाला सांभाळून, चूल पेटवून ही शाळा करणार. आणि एखाद्या दिवशी कुणावर खेकसली, तर म्हणे हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग! हे बोलणारे तिच्या जागी असते, तर त्यांनी अख्खं गाव डोक्यावर घेतलं असतं.

गेल्या वर्षी शाळेत शहरातून एक बाई आल्या. डोळे मिटून श्वासाकडे लक्ष द्यायला त्यांनी मुलांना शिकवलं. राग आला तर दाबू नका, आधी ओळखा, मग शांतपणे सांगा, असंही त्या म्हणाल्या. आरती रोज संध्याकाळी ओट्यावर डोळे मिटून बसू लागली. भांडी आपटणं थांबलं. घरच्यांनी मात्र त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. बाप गहिनीनाथ कौतुकानं सांगत सुटला, "लई शानी झाली आता. उलटून बोलत न्हाई."

आणि त्याच भरवशावर त्यानं तिचं लग्न ठरवायला घेतलं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या गड्याला मुकादम सहसा टोळीत घेत नाही. म्हणून तिचा मामा, बजरंग, एका मुलाचं स्थळ घेऊन आला. त्या मुलाला दसऱ्याच्या आत जोडी हवी होती. म्हणजे बायको कशाला, तर ऊस तोडायला! पंधरा वर्षांची पोर, पुढ्यात बोर्डाची परीक्षा, आणि ह्यांना सुपारी फोडायची घाई. लाज कशी वाटत नाही?

पाहुणे आले तेव्हा चहा द्यायला मीही तिथं होते. आरती भिंतीशी डोळे मिटून बसली होती. बजरंग पाहुण्यांना म्हणाला, "बघा, पोरगी गप हाय, म्हंजी राजी हाय." माझं डोकं असं सणकलं, की हातातला चहा त्याच्या अंगावर ओतावासा वाटला.

तेवढ्यात आरतीनं डोळे उघडले. "मामा, मी राजी न्हाई. मला राग आलाय. तुमचा बी आन् आप्पाचा बी. मला दहावी करायचीय. जबरदस्ती केली तर मीच पोलिसांना फोन लावीन."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, टोप्या सारख्या केल्या आणि चहा न घेताच उठले. ते उंबऱ्याबाहेर पडतात न पडतात तोच गहिनीनाथ किंचाळला, "आरते! शाळंत राग आवरायला शिकवलं हुतं ना तुला?"

"आवरलाय, आप्पा," ती म्हणाली. "म्हनून तर नीट बोलले."