लोणावळ्याच्या पॉश गल्लीत दादा उपाशी

ज्याच्या तोंडातून दिवसाला दहा शब्द निघाले तरी खूप, अशा माणसाबरोबर प्रवास करायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये. गेल्या रविवारी ती माझ्यावर आली. माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आमच्या माहेरच्या गावाहून, नवलाख उंबऱ्याहून, सकाळीच तळेगाव स्टेशनवर येऊन बसला होता. पांढरा लेंगा-सदरा, कडक टोपी आणि चेहरा मख्ख.

काम नाजूक होतं. माझ्या गौरीने स्वतःच मुलगा पसंत केलाय. मुलगा चांगला आहे. पण तिचे बाबा गेल्यापासून आमच्याकडे दादाचा शब्द शेवटचा, आणि पोरगी हटून बसलेली, "मामा हो म्हणाला तरच लग्न." मुलाच्या आई, मंजिरीताई, लोणावळ्याच्या बंगल्यांच्या वस्तीत राहतात. त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं होतं. आमचा भाग बघा, गप्पा मारू, बाहेरच जेवू, म्हणाल्या.

लोकलमध्ये मी दादाला तीनदा विचारलं, "तुला काय वाटतं?"

"बगू."

मळवली आलं. डावीकडे लोहगड-विसापूर लख्ख उन्हात उभे होते, ट्रेकला निघालेली पोरं खिडकीशी फोटो काढत होती आणि आमचे बंधुराज डोळे मिटून बसलेले. माझा नुसता तिळपापड!

लोणावळ्यात उतरलो तर रविवारची गर्दी. चिक्कीच्या दुकानांपुढे गाड्यांच्या रांगा. रिक्षावाल्याने निम्म्या रस्त्यातच उतरवलं. "मावशी, त्या गल्लीत रविवारी रिक्षा सोडत न्हाईत. हितनं चालत जावा." चढावरून धापा टाकत गेले. दादा आपला पुढे, मागे वळून बघेल तर शपथ.

गल्ली मात्र देखणी, खोटं का बोला. दगडी कुंपणं, त्यावर बोगनवेल, आणि दर दुसऱ्या बंगल्यात काहीतरी उघडलेलं. कुठे कपड्यांचं दुकान, कुठे मातीची भांडी, कुठे केक. मंजिरीताई गेटपाशी उभ्याच होत्या. बाई साधी, हसरी. आधी चित्रांच्या गॅलरीत घेऊन गेल्या.

आत गारेगार. धुक्यातल्या दरीचं एक चित्र होतं, नुसत्या करड्या रंगाचं. पाच मिनिटं मी दादाला विसरले. मग बघते तर तो छताकडे मान करून उभा. वर इरलं (भातलावणीच्या वेळी पावसापासून पाठ झाकायला घेतात ते बांबू-पानांचं आच्छादन) टांगलेलं आणि त्यात बल्ब.

"काका, ही लाइट इन्स्टॉलेशन आहे," तिथली मुलगी म्हणाली.

"इरलं हाय, बाय. आमच्या गोठ्यात दोन हायेत."

मंजिरीताई मनापासून हसल्या. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. तेवढ्यात त्यांनी मागवलेलं कोकम सरबत आलं. दादाने हात आडवा केला, "नको." आणि दोन मिनिटांनी माझ्या कानाशी, "तुझ्या पिशवीतली पाण्याची बाटली दे." मी कपाळावर हात मारला.

पुढे हातमागाच्या कपड्यांचं दुकान. एक जाकीट मंजिरीताईंनी दादाच्या खांद्याला लावून बघितलं. "भाऊ, माझ्याकडून घ्या ना." चटका बसावा तसा हा मागे सरला. त्या बिचाऱ्या ओशाळल्या. गौरीचा तिसरा फोन आला, "आई, मामा काय म्हणाला?" काय सांगू, कर्म माझं!

जेवायला गेलो त्या हॉटेलाची एक भिंत सगळी काचेची, खाली दरी. मेन्यूत इंद्रायणी रिसोटो होता. म्हणजे आपलाच मऊ गुरगुट्या भात, चीज घालून श्रीमंत केलेला. चवीला छान होता हो! जन्मभर इंद्रायणी पिकवणारा माझा भाऊ समोर रिकामी ताटली ठेवून दरी बघत बसला. पोट भरलंय म्हणे.

शेवटी मंजिरीताईंनी चमचा खाली ठेवला. डोळ्यांत पाणी. "भाऊ, आमचं काही चुकलं का? सकाळपासून तुम्ही आमच्या पाण्यालासुद्धा शिवला नाहीत."

माझा बांध फुटला. "दादा, स्थळ पसंत नसेल तर सरळ सांग! हा काय छळवाद मांडलायस?"

दादा आमच्याकडे बघतच राहिला. "पसंत न्हाई कोन म्हनलं? कन्यादान मला करायचं हाय. पोरगी दिली त्या घरचं अन्न खातात व्हय?"

"दिली? कधी दिलीस?"

"गेल्या म्हैन्यात. हितल्या बागा बगनारा माळी आपल्या उंबऱ्याचा हाय. त्याच्याकडनं समदं इचारून घेतलं. मानसं लय चांगली हायेत."

"अरे मग मला सांगायला काय झालं होतं?"

"सकाळपासनं सांगतोय की. पान्याला तरी शिवलो का?"

रिवाज मला माहीत नव्हता असं नाही. आमचे वडील, आबा, माझ्या घरी पहिला घास जेवले ते गौरी जन्मली तेव्हा. पण लग्नाआधीच? तेही हॉटेलात? मंजिरीताई डोळे पुसत हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे गौरीच्या हातचंसुद्धा नाही?"

"नातवंडाचं तोंड बगंपतूर न्हाई."

दुपारी लोकल नसते. संध्याकाळपर्यंत स्टेशनवर बसलो. दादाने तिथे एकापाठोपाठ चार वडापाव खाल्ले. मी त्याच्याकडे पाठ करून बसले. चिडले होतेच.

तळेगावात गौरी दारातच उभी होती. दादाने चपला काढल्या. "गौरे, पोरगा पसंत हाय. आता चा टाक. लगीन हुईपतूर तुझ्या हातचा लय पिऊन घ्यायचाय."

पोरगी आनंदाने ओरडली. मग त्याचं पुढचं वाक्य तिला उमगलं आणि ती तोंडावर हात धरून स्वयंपाकघरात पळाली. रडता रडता चहात साखर घालायची विसरली. मी घोट घेतला, कडू. दादाने कप रिकामा केला आणि पुढे धरला.

"आनि एक दे."