पंख्यासमोरची डिस्क

नेरच्या जिनिंगसमोर दुकान टाकावं अन् त्यात कॉम्प्युटर ठेवावा, ही हिंमत इंदुताईंचीच. हंगामात तिथं हवेतसुद्धा कापूस असतो. रुईचे तंतू आत शिरू नयेत म्हणून बाईंनी नव्या कापसाची इवलीशी दुलई शिवली अन् चालू मशीनवर पांघरली. मशीन आतल्या आत उकडत राहिली. शेवटी एका दुपारी तिची हार्ड डिस्क झोपेत दात खाल्ल्यासारखी करकरू लागली.

"म्याच भाजलं इले," दुलई ओढून काढत इंदुताई म्हणाल्या. रडत मात्र बसल्या नाहीत. यवतमाळला जाऊन जुन्या मशीनला चालेल अशी मोठी डिस्क आणली, पेचकस घेतला अन् कॉम्प्युटरचा डबा उघडला.

जुन्या डिस्कवर दोन गोष्टी होत्या. एक, लग्नपत्रिकांचे सगळे नमुने. कापसाचे भाव पडल्यापासून लग्नं आखडली होती, पत्रिका एका रंगावर आल्या होत्या. तरी दुकान चालायचं ते त्यांच्यावरच. दुसरी, जमनाबाईची गाणी. तांड्यावरची ही बंजारा म्हातारी. सगळे तिला याडी म्हणत, म्हणजे आई. पेरणीची, लग्नाची, रुसव्याची गाणी तिनं याच दुकानात माइकपुढं गायली होती. पुढं तिचा गळा बसला, तो उठलाच नाही. ती गाणी आता दुसरीकडं कुठंच नव्हती.

नवी डिस्क बसवून ती चालू करून घेतली. मग जुनी डब्याबाहेरच ठेवून जोडली, अन् तापू नये म्हणून समोर टेबलफॅन लावला.

"आधी पत्रिका घे ना," नवरा, नरहरराव म्हणाले. तहसीलातून रिटायर झालेला माणूस. "लग्नसराई तोंडावर हाय. गाणे काय पळून राह्यले का?"

"पळून नाही, मरून राह्यले. तुम्ही तो पंखा धरा, लय डुगडुगते."

"अवं, म्या तहसील सांभाळलं, आता पंखा सांभाळू का?"

"तहसील तुमच्याबिगर बी चालते. पंखा नाही चालत."

गाणी एकेक करून सरकू लागली. मधेच डिस्क अडे, खोकल्यासारखी करे. बाई श्वास रोखून बसत. शेवटचं गाणं उतरलं. मग पत्रिकांना हात घातला, तर गणपतीचे चार नमुने आले अन् डिस्क कायमची गप्प झाली. नरहररावांनी पंखा बंद केला.

बाजाराच्या दिवशी याडी आली. इंदुताईंनी गाणं लावलं. स्पीकरवर तळहात ठेवून म्हातारी ऐकत राहिली.

"हे म्या गायलं?" आवाज कुजबुजीएवढाच.

"तूच व याडी," गाणं थांबवत इंदुताई म्हणाल्या.

"मंग बंद काहून केलं? लाव ना!"

पुढच्या गाण्यात मात्र तिच्या कपाळाला आठी पडली. "इथं चुकली मी. एक ओळ खाल्ली."

इंदुताईंनी झटक्यात माइक तिच्या ओठांशी नेला. दारात पत्रिकेचं गिऱ्हाईक उभं होतं.

"बसा भाऊ, तुमची पत्रिका नव्यानं आखा लागते," त्या हळूच म्हणाल्या. "अन् जरा गुमान बसा. याडी गाऊन राह्यली."