शिवडीचा तळ आणि माझा गळा

मी आयुष्यात एकदाच सरकारला विरोध केला, आणि सरकारला तो पाठिंबा वाटला.

तेव्हा आम्ही काळाचौकीला चाळीत राहायचो. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, रोज कुठे ना कुठे मोर्चा. अशात बातमी आली, की शिवडीला खाडीलगत लढाऊ जेट विमानांचा तळ होणार. बातमी खरी की खोटी, तेव्हा ठाऊक नव्हतं. विमानं मात्र खरी होती. चाचणीला म्हणून केव्हाही डोक्यावरून जायची, तीही इतकी खालून, की फळीवरची भांडी थरथरायची.

माझी बायको सुमती तेव्हा आठव्या महिन्यात. पहिल्या खेपेला आमचं मूल राहिलं नव्हतं, त्यामुळे घरात मोठ्याने शिंकायलाही बंदी. (मला शिंक आली की मी गॅलरीत पळायचो.) आणि वरून ही विमानं! आवाज आला की सुमती दोन्ही हातांनी पोट धरून भिंतीला टेकायची. मग घरात कोणी बोलत नसे. तिने "हलतंय" म्हटलं, की आम्ही श्वास सोडायचो.

"झिला," आई म्हणाली, "ह्या आवाजान पोटातला पोर भायर येवच्या आदीच भैरा होतला. तू काय ता कर."

करायचं काय, ते समोरच्या चाळीतल्या जाधवमास्तरांनी ठरवलं. मास्तर शाळेत शिकवायचे आणि उरलेल्या वेळात आमचा विभाग चालवायचे.

"शनिवारी दुपारी हवाई दलाचे साहेब जागा बघायला येतायत. आपण निदर्शनं करायची. घोषणा तू दे."

"मी? मास्तर, मी नोकरीवाला माणूस."

"भजनात तुझा आवाज लालबागपर्यंत जातो."

"भजनात लाठीचार्ज होत नाही."

"बायकोसाठी कर रे," मास्तर म्हणाले, आणि मी घोषणा पाठ करायला घेतली.

घोषणा सोपी होती. मी म्हणायचं, 'जेट विमानांचा तळ', आणि लोकांनी म्हणायचं, 'हटलाच पाहिजे'. शनिवारी शिवडीच्या मैदानाशी निम्मी काळाचौकी लोटली. पोलिसांची गाडी बघूनच मी मास्तरांच्या मागे सरकलो. तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले, उंच, गोरेपान, उत्तरेकडचे. मी डोळे मिटले आणि ओरडलो,

"जेट विमानांचा तळ..."

"झालाच पाहिजे!"

कित्येक महिने रोज 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' ओरडून लोकांच्या गळ्याला वळण पडलेलं. पहिला अर्धा भाग ऐकायची गरजच कोणाला उरली नव्हती. मी घाबरून पुन्हा म्हटलं, तर दुप्पट जोराने "झालाच पाहिजे!"

साहेबांनी ड्रायव्हरला विचारलं, "क्या कह रहे हैं?"

ड्रायव्हर आपल्याकडचा, सातारचा. इमानदारीने म्हणाला, "साब, इन को चाहिए. होनाच चाहिए बोलते."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी आम्हाला चक्क हात जोडले. मी पुढे धावलो. "नहीं साब, मंगता नहीं! मतलब, बोलता है मंगता, लेकिन मंगता नहीं!"

साहेब दोन पावलं मागे सरले.

मास्तर कानाशी लागले. "अरे, लोक बदलत नाहीत तर तू बदल. 'तळ रद्द' म्हण. मग त्यांचं 'झालाच पाहिजे' बरोबर बसेल."

मास्तरांच्या डोक्याला तोड नव्हती. मी छाती भरून घेतली आणि म्हणालो, "जेट विमानांचा तळ..." आणि 'रद्द' म्हणायला तोंड उघडलं, तोच नेमकं विमान डोक्यावरून गेलं. ते गेल्यावर ऐकू आलं ते फक्त "झालाच पाहिजे!"

आवाज विरला तेव्हा गर्दीच्या कडेला सुमती दिसली. मला पोलीस नेतील या धास्तीने ती आईचा हात धरून एवढं अंतर चालत आली होती. विमान जाताना ती मटकन खाली बसली होती, पोटाला कवटाळून. मी सगळं सोडून पळालो. साहेबही आले. ती पोटावर हात ठेवून वाट बघत राहिली.

मग ती हळूच म्हणाली, "हलतंय."

आणि साहेबांकडे बघून, "साब, हर टाइम ऐसा होता है. हमको डर लगता है."

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. जाताना ड्रायव्हरला म्हणाले, "बहनजी को घर छोड़ के आओ." सुमती आणि आई जीपमधून घरी गेल्या. मी चालत आलो.

तळ काही झाला नाही. कोणी म्हणालं, खाडीच्या चिखलात चाकं रुतली असती. पण आमच्या विभागात श्रेय सुमतीला मिळालं. मुलगी झाली, कान ठणठणीत निघाले, आणि बारशाला मास्तरांनी सुमतीचा सत्कार ठेवला. तिला खणनारळ दिला, तिच्या धैर्यावर भाषणं झाली. मला वाटलं, नवरा म्हणून आभाराचे दोन शब्द बोलावेत. मी उठलो, घसा खाकरला.

सगळी चाळ एकदम सावध झाली. मास्तरांनी घाईघाईने मुलगी माझ्या हातात दिली आणि मला खाली बसवलं.

"तू हिला धर," ते म्हणाले. "आभार सुमती मानेल. लोकांना कळायला पाहिजेत."