झाडू थांबला की परत वाच

आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाईंइतकं भित्रं माणूस देवासमध्ये दुसरं झालं नसेल, आणि त्यांच्याइतकी भीती मला आयुष्यात दुसऱ्या कुणाची वाटली नाही. नवऱ्याची नाही, सासूची तर नाहीच. पाल दिसली की बाई खुर्चीवर चढत. पंखा कुरकुरला की त्याच्या खालून उठून भिंतीशी जाऊन बसत आणि तिथूनच शिकवत. मोबाईल वाजला की आधी छातीवर हात ठेवत आणि मग तो माझ्यापुढे धरत, "काकी, बघा हो कोण गेलं." कोणीतरी गेल्याशिवाय फोन येत नाही अशी त्यांची समजूत होती. शाळा सुटल्यावर रस्ता ओलांडायचा तर त्या पहिलीच्या मुलांच्या रांगेत शेवटी उभ्या राहत. सहा वर्षांचं पोर त्यांचा हात धरून सांगे, "अभी नहीं बाई, ट्रॅक्टर आ रहा है," आणि साठी उलटलेल्या बाई मुकाट्याने थांबत. "हां, अब चलो," म्हटलं की चालत. एकदा वरांड्यातल्या खुंटीवर कोणाचा तरी रेनकोट टांगला होता. बाई त्याच्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "सर, मी पाचच मिनिटं उशिरा आले, रिक्षा मिळाली नाही." सगळे मास्तर त्यावर आठवडाभर हसले. टाकीजवळच्या दोरीला साप समजून त्यांनी सगळी शाळा मैदानात काढली होती, ते तर अजून लोक सांगतात. मीही हसले. खोटं कशाला सांगू.

पण याच बाई वर्गात शिरल्या की डास उडाल्याचं ऐकू येई. उंचीने माझ्या खांद्याला लागतील एवढ्या, वजन म्हणाल तर गव्हाच्या अर्ध्या पोत्याइतकं, आवाज कधी चढवलेला नाही. आठवीतले कॉलर वर केलेले, एकमेकांना भाऊ म्हणायच्या ऐवजी भिया भिया करणारे मुलगे मोठ्या सरांना जुमानत नसत, पण बाईंच्या चपलांचा आवाज आला की शर्टाची बटणं लावत. शिकून गेलेलेही सुटत नसत. शेवेच्या दुकानात गर्दीत उभ्या असलेल्या एका टक्कल पडलेल्या माणसाला बाईंनी माझ्यासमोर नुसत्या आवाजावरून गाठलं आणि विचारलं, "पोराशी घरी कुठल्या भाषेत बोलतोस?" त्याने हातातली पुडी काउंटरवर ठेवली. "मराठीच, बाई. थोडी हिंदी मिक्स." "थोडी म्हणजे मिठाइतकी की पिठाइतकी?" तो माणूस शेव तिथेच विसरून निघून गेला. दुकानदाराने मागून हाका मारल्या, पण तो फिरला नाही.

आमच्याकडची मुलं घरी मराठी बोलतात, पण शिकतात हिंदीतून. त्यामुळे मराठी वाचताना त्यांची गाडी उताराला लागल्यासारखी सुटते. अक्षरं सगळी बरोबर, कळत मात्र काही नाही, ना ऐकणाऱ्याला ना वाचणाऱ्याला. यावर बाईंनी जो उपाय काढला तो म्हणजे मी. मी शाळेत झाडायला, पाणी भरायला आणि घंटा द्यायला होते. माझी शाळा हाटपिपल्याला झाली, तीही चौथीपर्यंत. मराठीचा तास आला की बाई म्हणत, "काकी, वरांडा झाडा, पण कान इकडे." मग एकेका मुलाला दारात उभं करत, माझ्याकडे पाठ करून. त्याने वाचायचं, मी झाडायचं. मला कळतंय तोवर झाडू चालणार, कळेनासं झालं की थांबणार. खराट्याची खरखर बंद झाली की बाई डोळे मिटून म्हणत, "झाडू थांबला. परत वाच." त्यांनी मोठ्या सरांना सांगितलं होतं, "काकींना कळलं म्हणजे साऱ्या जगाला कळलं." यात माझं कौतुक नव्हतं हे मला समजत होतं, पण काम मी इमानाने केलं. मुलं मधल्या सुट्टीत मला गोळ्या आणून देत. "काकी, मेरे टाइम पे मत रुकना हां." मी गोळी खाई आणि थांबायचं तिथे थांबे.

पीपलरावां गावाहून आजीकडे शिकायला आलेली एक मुलगी आठवीत होती. ती वाचायला उभी राहिली की पहिला महिना माझा वरांडा काही झाडून झाला नाही. शब्द गिळायची, ओळी सोडायची, घाबरून रडायची. बाईंनी तिला एकदाही रागावून पाहिलं नाही आणि एकदाही सोडलं नाही. रोज मधल्या सुट्टीत स्वतःच्या डब्यातले अर्धे पोहे तिला देत आणि तिला पाण्याच्या रिकाम्या टाकीत तोंड घालून वाचायला लावत. "तुझा आवाज फिरून तुझ्याकडेच येईल. तुला स्वतःला कळतंय का ते बघ." टाकीला झाकण लावायचं मला, म्हणून ते सगळं मी ऐकत असे. दिवाळीपर्यंत ती पोरगी अर्धा वरांडा वाचू लागली.

पण हे मी पुढचं सांगितलं. त्याच वर्षी जुलैत मराठीचं पुस्तक बदललं, आणि नव्या पुस्तकांचा गठ्ठा बाईंनी आठ दिवस सोडलाच नाही. मुलांना म्हणाल्या, आधी जुनी उजळणी. एका सकाळी मी चहा घेऊन टाकीच्या खोलीत गेले, तर बाई खिडकीशी उभ्या, नवं पुस्तक नाकाला लावलेलं, आणि कपाळावर घाम. मी सरळ विचारलं, "बाई, दिसत नाही का?"

"दिसतं."

"मग माझ्या हातात काय आहे?"

"झाडू. दुसरं काय असणार?"

"चहा आहे तुमचा."

बाई खाली बसल्या. मग म्हणाल्या, काचबिंदू आहे. इंदूरचा डॉक्टर म्हणाला, गेलेली नजर परत येत नाही, औषधाने जेवढी राहील तेवढी राहील. गेली दोन वर्षं त्या जुनं पुस्तक नुसतं हातात धरत होत्या, वाचत होत्या ते पाठ असलेलं. मला एकदम तो रेनकोट आठवला. ती दोरी आठवली, पहिलीतल्या पोराचा हात आठवला. आम्ही ज्याला हसलो त्यातला अर्धा भित्रेपणा होता आणि अर्धी गेलेली नजर होती. त्यातलं कुठलं कुठे संपत होतं ते आता कोणी सांगायचं?

"सचिवांना कळलं तर उद्या मला घरी बसवतील," बाई म्हणाल्या. संस्थेच्या सचिवांचा त्या वर्गावर डोळा होताच. बाई आहेत तोवर मराठी, मग त्या खोलीत कॉम्प्युटर, असं त्यांनी सभेत सांगून टाकलं होतं. दुसरं कोणी शिकवणारं मिळतही नव्हतं. "आठवीची नऊ मुलं आहेत, काकी. मधेच बंद झालं तर इतकी वाट चालून ती फुकट जातील. मार्चची परीक्षा होऊ दे. मग मला आंधळी म्हणा, नाहीतर काहीही म्हणा."

"माझीही नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाईल," बाई म्हणाल्या. "बसा. पान पहिलं."

आम्ही करत होतो ते खोटं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण बाईंनी बसा म्हटल्यावर उभं राहण्याची माझी छाती नव्हती.

त्या दिवसापासून रोज पहिल्या घंटेच्या आधी मी टाकीच्या खोलीत बाईंना पुस्तक वाचून दाखवू लागले. वर्षातून एकदा हरतालिकेची कहाणी वाचायची, एवढंच माझं वाचन. अक्षरावर बोट ठेवून मी पुढे सरकायची आणि बाई सुरीसारख्या बोलायच्या. "काकी, स्वल्पविराम गिळू नका, ती सुपारी नाही." "पूर्णविरामाला थांबा म्हटलं, मुक्काम करा नाही म्हटलं." सदुसष्टाव्या वर्षी मला वर्गातल्या पोरांसारखा घाम फुटायचा. पान कुठे उलटायचं तेही त्या विचारून ठेवत. दोनदा ऐकलं की धडा त्यांच्या डोक्यात बसे, माझ्या खोकल्यासकट. मग वर्गात पुस्तक हातात धरून अशा वाचत की कोणाला संशय येऊ नये. मी बाहेर झाडत असे आणि माझं काळीज खराट्यापेक्षा जोरात वाजत असे. दारातून कोणी डोकावलं तरी मला वाटे, संपलं. फोन वाजला की आता मीही छातीवर हात ठेवू लागले होते.

जानेवारीत सचिव आले. न सांगता आले, मागच्या बाकावर बसले आणि त्यांनी शेजारच्या मुलाचं पुस्तक ओढून घेतलं. त्या दिवशीचा धडा एका कुंभारणीचा होता. सकाळीच मी तो वाचून दाखवला होता. त्यात ती भट्टीपाशी बसून मडकी रचत असते, आणि पुढच्या ओळीत एकदम नदीच्या मधोमध, डोक्यावर टोपलं, पाणी गळ्याशी. बाई सकाळी वैतागल्या होत्या. "आजकालचे लेखक! बाईला उठवत नाहीत, घराबाहेर काढत नाहीत, थेट पाण्यात." मलाही लेखकाचंच चुकलं असं वाटलं होतं.

वर्गात बाईंनी मडकी रचली, पान उलटलं आणि कुंभारणीला पाण्यात घातलं. मग मला आतून पानांची फडफड ऐकू आली. नऊ पुस्तकांची पानं मागे पुढे होत होती. मी दारातून पाहिलं. सचिव अंगठ्याने पान मागे करत होते, पुढे करत होते, आणि मग मान वर करून बाईंकडे बघत होते. त्या क्षणी मला कळलं. अंगठा ओला करून पान उलटायची माझी सवय. सकाळी दोन पानं चिकटून उलटली होती, आणि माझी चूक जशीच्या तशी बाईंच्या डोक्यात जाऊन बसली होती. झाडू थांबला.

तो मी थांबवला नव्हता. भीतीने थांबला. पण बाईंनी तो ऐकला. वाचता वाचता गप्प झाल्या, डोळे मिटले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "झाडू थांबला. म्हणजे काहीतरी चुकलं. काय चुकलं, कोण सांगेल?"

मग ती पीपलरावां गावची मुलगी उभी राहिली. "बाई, बीचमधलं अख्खं पान राहिलं."

"मग दारात ये आणि वाच."

ती दारात आली, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. ते पान मीही पहिल्यांदाच ऐकत होते. कुंभारीण उठते, पोरीला शेजारणीकडे सोडते, नदीला पाणी आलंय म्हणून लोक नको म्हणतात, तरी ती निघते. पोरगी सावकाश वाचत होती. एक शब्द गिळला नाही, एक ओळ सोडली नाही. वरांडा केव्हाच स्वच्छ झाला होता, तरी मी झाडत राहिले. थांबले असते तर बाईंना वाटलं असतं, पुन्हा काहीतरी चुकलं. कुंभारीण पाण्यात उतरली तेव्हा पान संपलं.

सचिव उठले. "मानलं बाई तुम्हाला! मुद्दाम पान गाळून पोरांचं लक्ष तपासता!"

"हो," बाई म्हणाल्या. फळ्याखालची धरलेली पट्टी त्यांनी सचिव जाईपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुस्तक माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाल्या, "काकी, अंगठा कोरडा ठेवा."

मार्चमध्ये नऊच्या नऊ मुलं परीक्षेला बसली आणि पास झाली. त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा दिला, कारण लिहिलं नाही. जूनमध्ये त्या वर्गात कॉम्प्युटर आले. वरांडा मी आणखी एक वर्ष झाडला. पटापट होई, कुठे थांबावं लागत नसे. मग गुडघ्यांनी नाही म्हटलं आणि मीही सोडलं.

आता मी सकाळची कामं आटोपून बाईंकडे जाते. त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. पालीची भीती गेली, कारण पाल दिसत नाही. पण तिचा आवाज आला की अजून खुर्चीवर पाय घेतात. मी वाचते, मिळेल ते, वर्तमानपत्र म्हणा, दिवाळी अंक म्हणा. त्या मांडीवर ताट घेऊन तांदूळ निवडतात. पाकिटातल्या तांदळात खडे नसतात, पण हाताला काम हवं म्हणतात. नियम तोच ठेवलाय, फक्त बाजू बदलली. त्यांचा हात थांबला की समजायचं, आपलं चुकलं, आणि परत वाचायचं.

परवा असाच हात थांबला. मी परत वाचलं. हात हलला नाही. डोळे मिटलेले, मान एका बाजूला. मी तिसऱ्यांदा वाचलं, सावकाश, एकेक स्वल्पविराम सांभाळून, आणि माझा आवाज मलाच ओळखू येईना. ओळ संपली तरी मला पुढे जाववेना, आणि ताटाकडे बघवेना.

"काकी," बाई म्हणाल्या, "पहिल्या वेळीच बरोबर वाचलं होतंत. मी जरा ऐकत बसले होते."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला बरोबर म्हटलं ते तेवढंच. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"ऐकायचं तर हात चालू ठेवून ऐका," मी म्हटलं, आणि ताटात बोटं हलल्याचा आवाज आल्यावरच पुढची ओळ वाचली.